कोंबड्यांचे जंत आणि औषधाचें खरें माप

खेड्यांतील मंडळ्यांसाठीं गृहोपयोगी पाठ
शास्त्रपाठ : लेवीय १९:३५–३६, नीतिसूत्रें १२:१०, २७:२३–२७

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत असें घर क्वचितच आढळेल, कीं ज्याच्या परसांत चार कोंबड्या नाहींत. शेतभात नसलेल्या विधवेची मीठमिरची अंड्यांच्या पैशांवर चालते. मुलाची वही, आजाऱ्याचें औषध आणि रविवारच्या दानपात्रांतील नाणें हींहि पुष्कळदां त्याच खुराड्यांतून येतात. म्हणून हा विषय हलका समजून बाजूस सारावा असें आम्हांस वाटत नाहीं. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटीं आपल्या कळपांची स्थिति नीट जाणून घेण्याविषयीं बोध केला आहे, आणि घरच्या माणसांचा निर्वाह त्या कळपांवर कसा अवलंबून असतो हेंहि तेथें दाखविलें आहे. शेरडामेंढरांस जें लागू, तें कोंबड्यांसहि लागू आहे.

ह्या पाठांत आम्ही एकाच गोष्टीवर भर देणार आहों. जंतांचें औषध नुसतें दिल्यानें काम होत नाहीं; तें तोलून व मापून दिलें पाहिजे. माप चुकलें म्हणजे कोंबडीचें, घराचें आणि अंडीं विकत घेणाऱ्या शेजाऱ्याचेंहि नुकसान होतें.

१. जंत कोणते व ते कोठून येतात

कोंबड्यांस होणारे जंत मुख्यतः चार प्रकारचे आहेत. पहिला मोठा गोल जंत. हा लहान आंतड्यांत राहतो, शेवईसारखा दिसतो, आणि त्याची मादी ७ ते १२ सेंटिमीटर लांब असते. दुसरा आंधळ्या आंतड्यांतील बारीक जंत. ह्याची लांबी सुमारें १ ते १॥ सेंटिमीटर. हा स्वतः फारसा अपाय करीत नाहीं, परंतु एका सूक्ष्म रोगजंतूस आपल्या अंड्यांतून वाहून नेतो, आणि त्या रोगानें टर्की पक्षी फार मरतात. तिसरा केसासारखा जंत. तो इतका बारीक असतो कीं नुसत्या डोळ्यांस सहज दिसत नाहीं. गळ्याखालील दाण्याच्या पिशवीच्या अथवा आंतड्याच्या अस्तरांत तो शिरून बसतो. चवथा पट्टकृमि, म्हणजे चपटा व खंडाखंडांचा जंत. त्याचे सुटलेले तुकडे विष्ठेंत तांदुळाच्या कण्यांसारखे दिसतात.

मोठ्या गोल जंताचें जीवनचक्र समजून घेतलें म्हणजे पुढील सर्व पाठ सोपा होईल. मादीचीं अंडीं कोंबडीच्या विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात. ताज्या विष्ठेंतील अंड्यापासून लगेच बाधा होत नाहीं. ऊब आणि ओलावा मिळाल्यास सुमारें १० ते १२ दिवसांनीं, आणि थंडींत त्याहूनहि उशिरा, त्यांत बाधा करणारा जीव तयार होतो. मग तें अंडें दाण्याबरोबर पोटांत गेलें म्हणजे ५ ते ८ आठवड्यांत त्याचा पूर्ण वाढलेला जंत बनतो, व तोहि अंडीं घालूं लागतो. ओलसर सावलीच्या जमिनींत हीं अंडीं महिनोमहिने जिवंत राहतात. कडक ऊन आणि कोरडेपणा ह्यांपुढें मात्र त्यांचा निभाव लागत नाहीं.

पट्टकृमीची रीत निराळी आहे. त्याचें अंडें आधीं मुंगी, भुंगेरा, माशी किंवा गोगलगाय ह्यांपैकीं कोणी तरी गिळावें लागतें. तो किडा कोंबडीनें टिपला म्हणजे जंत तिच्या पोटांत जातो.

कोंबड्या झुरूं लागल्या कीं कोणाची दृष्ट लागली, कोणी करणी केली, किंवा देवीचा कोप झाला, असें म्हणण्याची जुनी संवय आमच्या कांहीं घरांत अजून शिल्लक आहे. अशा वेळीं कोणास बोल न लावतां त्यांस जंत प्रत्यक्ष दाखवावा. ज्या शत्रूस डोळ्यांनीं पाहतां येतें आणि हातांनीं हांकलतां येतें, त्याच्यासाठीं कोंबडें कापून नवस फेडण्याची गरज उरत नाहीं.

२. जंत झाले हें कसें ओळखावें

तीन महिन्यांच्या आंतील पिलांस मोठ्या गोल जंताची बाधा सर्वांत जास्त होते. पिलूं खातें पण वाढत नाहीं. पंख खालीं सोडतें. तुरा फिका पडतो. छातीचें हाड हातास धारेसारखें लागतें. विष्ठा पातळ होते. मोठी कोंबडी अंडीं कमी घालते. परंतु ह्यांतील बहुतेक लक्षणें दुसऱ्या रोगांतहि दिसतात. रक्ताची हगवण कॉक्सिडिओसिस नांवाच्या रोगानें होते, आणि मान वांकडी होणें हें मानमोडीचें चिन्ह आहे. ह्या दोहोंवर जंताचें औषध मुळींच चालत नाहीं. म्हणून तर्कावर न जातां चार-पांच कोंबड्यांची ताजी विष्ठा स्वच्छ डबींत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावी. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जंतांचीं अंडीं दिसतात, आणि जंत कोणत्या जातीचा हें कळतें. घरीं खाण्यासाठीं कोंबडी कापली असतां तिचें आंतडें उभें चिरून पाहण्याची संवय ठेवावी. मोठा गोल जंत व पट्टकृमि त्यांत स्पष्ट दिसतात.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. एकदम पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या तर मेलेली कोंबडी चिरूं नये, खाऊं नये, विकूं नये. तत्काळ पशुवैद्यास कळवावें. इ. स. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ आढळली, तेव्हां तेथील कोंबड्या मोठ्या संख्येनें नष्ट कराव्या लागल्या होत्या. तसली साथ जंतांची नसते, व ती माणसांसहि बाधूं शकते.

३. कोणतें औषध कोणत्या जंतावर

सर्व जंतांस एकच औषध लागू पडतें ही समजूत खोटी आहे.

पायपराझीन हें केवळ मोठ्या गोल जंतावर चालतें. तें जंतास लुळा करतें, मग तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. आंतड्याच्या अस्तरांत वाढत असलेले लहान जंत त्यांतून वांचतात, म्हणून पशुवैद्य नेमून देईल त्या दिवशीं दुसरी मात्रा द्यावी लागते. पट्टकृमीवर ह्याचा उपयोग नाहीं.

अल्बेन्डाझोल व फेनबेन्डाझोल हीं एकाच कुळांतील औषधें आहेत. गोल जंत, आंधळ्या आंतड्यांतील जंत आणि केसासारखा जंत ह्या तिघांवरहि तीं चालतात. परंतु जंत पाहून मात्रा व दिवस बदलतात. जुनीं पिसें झडून नवीं येत असतां फेनबेन्डाझोल दिल्यास नवीं पिसें वेडींवांकडीं निघूं शकतात. ह्याच कुळांतील औषधें कबुतरांस विषासारखीं बाधूं शकतात. म्हणून कोंबड्यांचें औषध कबुतरांपुढें ठेवूं नये.

लेव्हामिसोल हेंहि गोल जंतांवर चालतें, परंतु त्यांत योग्य मात्रा व घातक मात्रा ह्यांमधील अंतर कमी असल्यामुळें मापांतील चूक अधिक महाग पडते. पट्टकृमीसाठीं प्राझिक्वांटेल हें खास औषध आहे.

तंबाखूचें पाणी पाजण्याची रीत कोठें कोठें चालत असे. तंबाखूंत निकोटिन नांवाचें जहर आहे, आणि त्यानें जंतांबरोबर कोंबडीहि मरूं शकते. ही रीत सोडावी. लसूण किंवा कडुनिंबाचा पाला खाऊं घालण्यास आमची हरकत नाहीं, परंतु भरलेलें पोट त्यानें साफ होईल ह्या भरंवशावर राहूं नये. त्याचप्रमाणें गाईबैलांसाठीं आणलेलें आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन अंदाजानें कोंबडीस देऊं नये. तें पट्टकृमीवर चालत नाहीं, आणि त्याचा अंश अंड्यांत उतरतो.

४. माप कसें काढावें

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत तराजू, वजनें, धान्याचें माप आणि पातळ पदार्थाचें माप हीं सर्व खरीं ठेवण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा केवळ दुकानदारासाठीं आहे असें कोणी समजूं नये. ज्याच्या हातांत औषधाची बाटली आहे, त्याच्यासाठींहि ती आहे.

माप काढण्यास तीन गोष्टी ठाऊक पाहिजेत : कोंबडीचें वजन किती, दर किलोग्रॅम वजनास किती मिलिग्रॅम औषध द्यावयाचें, आणि बाटलींतील एका मिलिलिटरांत किती मिलिग्रॅम औषध आहे.

पहिली गोष्ट ताणकाट्यानें समजते. कोंबडीस कापडी पिशवींत घालून, डोकें बाहेर ठेवून, पिशवी कांट्यास अडकवावी, आणि पिशवीचें वजन वजा करावें. दुसरी गोष्ट पशुवैद्य सांगतो. ती तोंडीं न घेतां कागदावर लिहून घ्यावी. तिसरी बाटलीवर छापलेली असते, बहुधा टक्क्यांनीं. तिचा हिशेब सोपा आहे : पातळ औषधांत १ टक्का म्हणजे एका मिलिलिटरांत १० मिलिग्रॅम. म्हणून २.५ टक्क्यांच्या बाटलींत दर मिलिलिटरास २५ मिलिग्रॅम, आणि १० टक्क्यांच्या बाटलींत १०० मिलिग्रॅम औषध असतें.

आतां उदाहरण घेऊं. समजा, पशुवैद्यानें अल्बेन्डाझोल दर किलोग्रॅमास १० मिलिग्रॅम असें लिहून दिलें, आणि बाटली २.५ टक्क्यांची आहे.

गांवठी कोंबडी, वजन १ किलो २५० ग्रॅम : औषध १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिलिटर.
कोंबडा, वजन २ किलो : औषध २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.८ मिलिलिटर.
तलंग, वजन ५०० ग्रॅम : औषध ५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिलिटर.

हीं मापें किती लहान आहेत हें वाचकांनीं पाहावें. औषधाचा साधा चमचा ५ मिलिलिटरांचा असतो. एक चमचाभर औषध एका कोंबडीस पाजलें, तर दहा कोंबड्यांचें औषध एकीच्या पोटांत गेलें! आणि दुकानदारानें २.५ टक्क्यांच्या ऐवजीं १० टक्क्यांची बाटली दिली, व आपण तिच्यांतून पहिल्याप्रमाणेंच अर्धा मिलिलिटर दिला, तर मात्रा चौपट होते. दोन्ही बाटल्यांवर औषधाचें नांव तेंच असूं शकतें. ह्यासाठीं नांव वाचून थांबूं नये; टक्के वाचावे. मोजण्यास सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. बाटलीचें झांकण किंवा चमचा घेऊं नये.

जास्त दिल्यानें अपाय होतो हें कोणासहि पटतें. पण कमी दिल्यानें काय बिघडतें असें पुष्कळ जण विचारतात. कमी औषधानें दुबळे जंत मरतात आणि बळकट वांचतात. पुढची वीण त्या बळकटांचीच होते, आणि शेवटीं पुऱ्या मात्रेसहि ते दाद देत नाहींत. एकाच कुळाचें औषध वर्षानुवर्षें वापरीत राहिल्यानेंहि असेंच होतें. टर्कीच्या गोल जंतांत फेनबेन्डाझोलला न जुमानणारी जात अमेरिकेंत आढळल्याचें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. एका बाटलींत चार खुराडीं भागविण्यासाठीं जी बहीण औषध पातळ करते, तिचा हेतु काटकसरीचा असतो. परंतु ती न कळत सगळ्या गांवासाठीं बळकट जंत पोसते.

५. औषध पाजण्याची रीत

औषध सकाळीं लवकर, उन्हाच्या आधीं द्यावें. बाटली चांगली हलवावी, कारण औषधाचा गाळ तळाशीं बसतो. एकानें कोंबडीस पंखांसकट धरावें, दुसऱ्यानें चोंच उघडून सिरिंजचें टोंक चोंचीच्या कडेनें आंत ठेवावें, आणि थेंब थेंब सोडावें. जिभेच्या मागें मधोमध श्वासनलिकेचें तोंड असतें. तेथें औषध ओतल्यास कोंबडी गुदमरते. औषध दिलेल्या कोंबडीच्या पायास दोरा बांधावा, म्हणजे एकीस दोनदां व दुसरीस मुळींच नाहीं असें होणार नाहीं. फार खंगलेल्या कोंबडीस पशुवैद्यास विचारल्यावांचून औषध देऊं नये.

पायपराझीनसारखें पाण्यांत विरघळणारें औषध पाण्यांतून देतां येतें. परंतु परसांतली कोंबडी गटाराचें व डबक्याचें पाणीहि पिते; म्हणून औषधाचें पाणी संपेपर्यंत सर्वांस कोंडून ठेवावें, आणि थोड्या तासांत संपेल इतकेंच पाणी करावें. वैशाखाच्या उन्हांत तहानेनें जीव जाईल इतका वेळ पाणी तोडूं नये. गाळ बसणारें साधें औषध पाण्याच्या भांड्यांत टाकणें व्यर्थ आहे. वरचें पाणी पिणारीस कांहींच मिळत नाहीं, आणि तळ ढवळणारीस सर्व मिळतें.

६. अंडीं व मांस ह्यांविषयींचें कर्तव्य

पोटांत गेलेलें औषध कांहीं दिवस कोंबडीच्या मांसांत व अंड्यांत राहतें. किती दिवस तें खाऊं अथवा विकूं नये, हें औषधाच्या वेष्टनावर दिलेलें असतें. तेथें नसल्यास पशुवैद्यास विचारून लिहून घ्यावें. कांहीं औषधें अंडीं घालणाऱ्या कोंबड्यांस द्यावयाचींच नसतात. फेनबेन्डाझोलच्या पाण्यांतून देण्याच्या एका खास प्रकारास अमेरिकेंत इ. स. २०१८ पासून अंडीं न थांबवितां वापरण्याची परवानगी मिळाली आहे. त्यांत दर किलोग्रॅमास १ मिलिग्रॅम ही मात्रा सतत ५ दिवस द्यावयाची असते. परंतु ती सवलत त्या प्रकारास व त्या मात्रेस आहे. आपल्या हातांतील बाटलीस ती लागू आहे असें धरून चालूं नये. उबविण्यासाठीं अंडीं ठेवावयाचीं असल्यास तेंहि पशुवैद्यास आधींच सांगावें.

येथें विश्वासणाऱ्याची खरी परीक्षा आहे. बाजाराचा दिवस आला आहे, टोपलींत वीस अंडीं आहेत, घरांत तेल नाहीं, आणि मुदतीस अजून चार दिवस आहेत. अंडें फोडून पाहिलें तरी त्यांतील औषध कोणास दिसणार नाहीं. विकणाराच तेवढा जाणतो. खोट्या तराजूचा देवास वीट आहे असें आम्ही शिकवितों. मग जें अंडें आपण आपल्या लेकरास देणार नाहीं, तें दुसऱ्याच्या लेकरासाठीं विकणें हा खोट्या तराजूचाच एक प्रकार नव्हे काय? हा तोटा गरिबास खरोखर जड आहे हें आम्ही जाणतों. म्हणून मुदत आधीं हिशेबांत धरून, ज्या आठवड्यांत पैशाची ओढ कमी असेल त्या आठवड्यांत औषध द्यावें. किंवा निम्म्या कोंबड्या वेगळ्या कोंडून त्यांस आधीं व उरलेल्यांस मागाहून द्यावें, म्हणजे उत्पन्न एकदम बंद पडणार नाहीं. मात्र दोन्ही टोळ्यांचीं अंडीं एका टोपलींत मिसळूं नयेत.

७. खुराडें व जमीन

जमीन जंतांच्या अंड्यांनीं भरलेली ठेवून औषध पाजणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. वर सांगितलेंच आहे कीं अंडें बाधक होण्यास सुमारें १० ते १२ दिवस लागतात. तेव्हां खुराड्यांतील विष्ठा रोज, आणि तें न जमल्यास निदान आठवड्यांतून एकदां पूर्णपणें काढली, तर पुष्कळ अंडीं तयार होण्यापूर्वींच बाहेर जातील. औषध दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतील विष्ठा तर अवश्य गोळा करावी, कारण तिच्यांत पडलेले जंत व त्यांचीं अंडीं असतात. ती खोल खड्ड्यांत पुरावी, किंवा झांकलेल्या खतांत चांगली कुजूं द्यावी; कोंबड्या उकरतात त्या परसांत ताजी टाकूं नये.

दाणा जमिनीवर न फेंकतां पसरट भांड्यांत द्यावा. पाण्याच्या भांड्याभोंवतीं चिखल होऊं देऊं नये. पिलें मोठ्या कोंबड्यांपासून निराळीं, कोरड्या जागीं वाढवावीं. खुराड्यावर ऊन येईल अशी व्यवस्था करावी, आणि पावसाळ्यांत विशेष लक्ष ठेवावें.

८. मंडळीनें काय करावें

ताणकाटा व सिरिंज प्रत्येक घरानें विकत घ्यावी हें शक्य नाहीं. परंतु एका मंडळीनें मिळून त्या घ्याव्या हें सहज शक्य आहे. त्या उपदेशकाच्या घरीं राहाव्या, आणि त्यांबरोबर एक वही असावी. तींत तारीख, औषधाचें नांव, टक्के, कोंबडीचें वजन, दिलेलें माप, आणि अंडीं पुन्हां विकण्याचा दिवस, इतकें लिहावें. जी भगिनी वाचूं शकत नाहीं, तिच्यासाठीं हिशेब करून देणें हें उपदेशकाच्या सेवेबाहेरचें काम नाहीं.

आणखी असें कीं, कोंबड्यांस कुंपण ठाऊक नाहीं. आपल्या घरच्या कोंबड्या शेजारच्या उकिरड्यावर चरतात, आणि शेजारच्या आपल्या परसांत. म्हणून आळींतील सर्व घरांनीं, मग तीं ख्रिस्ती असोत वा नसोत, एकाच सुमारास औषध देण्याचें ठरवावें, आणि मंडळीचा कांटा सर्वांस मोकळेपणानें द्यावा. नीतिमान् मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो असें शास्त्र शिकवितें. तशी काळजी जेथें दिसते, आणि जेथील अंडें निर्धास्तपणें विकत घेतां येतें, त्या घराची साक्ष गांवांत आपोआप पसरते. आमच्या प्रत्येक घरावर असा विश्वास बसो, आणि प्रभु त्या घरांतील लहानशा कळपासहि आशीर्वाद देवो.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. गोल जंताचें अंडें बाधक होण्यास किती दिवस लागतात, आणि त्यावरून खुराडें केव्हां झाडावें?
२. पायपराझीन कोणत्या जंतावर चालतें व कोणत्या जंतावर चालत नाहीं?
३. बाटली १० टक्क्यांची आहे, मात्रा दर किलोग्रॅमास १० मिलिग्रॅम आहे, आणि कोंबड्याचें वजन २ किलो आहे. किती मिलिलिटर द्यावें? (उत्तर : ०.२)
४. औषध कमी दिल्यानें शेजाऱ्याचेंहि नुकसान कसें होतें?
५. मुदतीच्या आंतील अंडें विकणें आणि खोटें माप वापरणें ह्यांत सारखेपणा कोणता?